पीईआय नॉमिनेशन: रेस्टॉरंट सुपरवायझर, पोस्ट-ग्रॅज्युएशन परमिटचे ११ महिने उरलेत. आधी काय करावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय. तो कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड (पीईआय) प्रांतात, शार्लटटाउनमध्ये आहे आणि त्याला कॅनडाचा कायमचा रहिवास (पीआर) हवाय. जेवढी माहिती लागेल असं वाटलं तेवढी देते.

वय २७, अजून अविवाहित. लग्न जानेवारीत सांगलीला ठरलंय. पुण्याहून बी.कॉम. (तीन वर्षं), मग पुण्यातच एका सीए फर्ममध्ये सव्वा वर्ष अकाउंट्सचं पूर्णवेळ काम, मग पीईआयला दोन वर्षांचा डिप्लोमा. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट तीन वर्षांचं मिळालं, त्यातले ११ महिने उरलेत. परमिटवर पहिले ११ महिने काउंटरवर (एनओसी, म्हणजे कॅनडाचा कामांचा सरकारी कोड, ६५२०१), नंतरचे १४ महिने त्याच मालकाकडे फूड सर्व्हिस सुपरवायझर (६२०२०). आयईएलटीएस जनरल: ऐकणं ७, वाचणं ६, लिहिणं ६, बोलणं ६.५.

प्रश्न असे:
१. पीईआय पीएनपी (प्रांताने पीआरसाठी नाव सुचवायची योजना, त्या सुचवण्यालाच नॉमिनेशन म्हणतात) करावं की अटलांटिक प्रोग्राम (एआयपी)? की दोन्ही?
२. पीईआयच्या पूलमध्ये (इच्छुकांच्या यादीत) एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट (ईओआय) टाकून सहा महिने झाले, बोलावणं नाही. त्याच्या प्रोफाइलमध्ये काही चुकतंय का?
३. परमिट संपायच्या आत काहीच झालं नाही तर?

---

घाटमाथा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

प्रोफाइलमध्ये चूक असेलच असं नाही. प्रांताला सध्या कोण हवंय, हे बघा. पीईआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉमिनेशन २५ टक्क्यांनी कमी करायचं जाहीर केलं आणि त्याची मोठी झळ विक्री-सेवा क्षेत्राला बसली. त्याच वर्षी मे महिन्यात शार्लटटाउनमध्ये मुलं रस्त्यावर उतरली होती, उपोषणं झाली, ती याच कारणाने. तेव्हापासून प्रांत आरोग्य, बांधकामातली कुशल कामं आणि बालसंगोपन यांना उघडपणे पुढे काढतोय. त्यात २०२५ साठी केंद्राने सगळ्या प्रांतांचं मिळून पीएनपीचं लक्ष्य १,१०,००० वरून ५५,००० वर आणलं. २०२६ साठी ते ९१,५०० केलंय, म्हणजे हवा थोडी मोकळी झाली, पण रांगेत पुढे कोण उभं राहणार हे बदललेलं नाही. रेस्टॉरंट सुपरवायझरला पीईआयच्या ड्रॉमध्ये (पूलमधून निवडीच्या फेरीत) बोलावणं येणारच नाही असं मी म्हणणार नाही. येईल असं धरून ११ महिने घालवू नका, एवढंच म्हणतो.

पीईआयमध्ये दोन दारं आहेत, ती वेगळी ओळखा. एक लेबर इम्पॅक्ट: यात पीईआयच्या एम्प्लॉयरची पूर्णवेळ, बिगर-हंगामी नोकरी लागते, कायम किंवा किमान दोन वर्षांची. यातून मिळालेलं नॉमिनेशन एक्सप्रेस एन्ट्रीच्या (केंद्राच्या, गुणांवर चालणाऱ्या पीआर पद्धतीच्या) बाहेरचं असतं आणि नंतर केंद्राकडे बराच वेळ जातो. २०२५ मध्ये हा काळ दीड वर्षाच्या वर गेला होता. दुसरं दार पीईआय एक्सप्रेस एन्ट्री: आधी केंद्राच्या पूलमध्ये प्रोफाइल असावं लागतं, प्रांताने निवडलं की त्यात ६०० गुण पडतात आणि पुढची केंद्राची प्रक्रिया साधारण सहा महिन्यांची. तुमच्या भावाकडे १४ महिन्यांचा टीअर २ चा कॅनेडियन अनुभव आहे (टीअर म्हणजे कामाच्या कौशल्याची सरकारी पायरी, ० सगळ्यात वरची, ५ सगळ्यात खालची) आणि भाषेत सीएलबी ७ आहे (सीएलबी म्हणजे कॅनडाचं भाषेचं मोजमाप). म्हणजे तो कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये, एक्सप्रेस एन्ट्रीतल्या कॅनडात काम केलेल्यांच्या वर्गात बसतो (टीअर २ ला सीएलबी ५ पुरतं). त्याची ईओआय लेबर इम्पॅक्टमध्ये पडून असेल आणि एक्सप्रेस एन्ट्रीचं प्रोफाइलच नसेल, तर आज रात्री करायचं पहिलं काम तेच. प्रोफाइल फुकट असतं.

काउंटरवरचे ११ महिने (६५२०१) टीअर ५ आहेत. एक्सप्रेस एन्ट्रीत ते शून्य धरले जातात. शिकत असताना केलेलं कामही धरत नाहीत. बरेच जण हे सगळं मिळवून 'दोन वर्षं झाली' असं भरतात आणि पुढे अर्ज परत येतो.

एआयपीबद्दल: दोन्ही दारांची चौकशी एकाच वेळी करता येते. पण एआयपीत उमेदवार स्वतः काही सुरू करू शकत नाही. आधी मालकाने प्रांताकडून 'डेसिग्नेटेड एम्प्लॉयर' हा दर्जा घ्यायचा, मग नोकरीचा प्रस्ताव द्यायचा, उमेदवाराने सेटलमेंट संस्थेकडून स्वतःचा सेटलमेंट प्लॅन करून घ्यायचा, मग प्रांत त्या प्रस्तावाला एन्डॉर्समेंट देणार, त्यानंतर पीआरचा अर्ज. अनुभव गेल्या पाच वर्षांत १,५६० तास, भाषा टीअर २ साठी सीएलबी ५. पीईआय, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि न्यूफाउंडलंड, चौघांनाही जागा मोजक्याच मिळतात आणि एन्डॉर्समेंट प्रांताच्याच हातात असतं. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हा विचारा: 'तुम्ही डेसिग्नेटेड आहात का आणि या पदासाठी प्रांत सध्या एन्डॉर्समेंट देतोय का?' दुसऱ्या भागाचं उत्तर मालकाने इमिग्रेशन ऑफिसला ईमेल करून लेखी घ्यावं. नुसत्या 'हो हो, करू' वर तीन महिने जातात.

---

ओसरी

घाटमाथा यांच्याशी सहमत. पण या मुलाच्या बाबतीत तिसरी वाटही दिसतेय, तिचा हिशेब मांडते. कृष्णाकाठ, कागद-पेन्सिल घ्या.

आजचे सीआरएस गुण, म्हणजे एक्सप्रेस एन्ट्रीत क्रम लावायचे गुण (अविवाहित म्हणून):
वय २७: ११०
शिक्षण, बी.कॉम. + डिप्लोमा: १२८
भाषा: तीन कौशल्यं सीएलबी ७ म्हणजे १७ × ३, बोलणं सीएलबी ८ म्हणजे २३, एकूण ७४
कॅनेडियन अनुभव १ वर्ष: ४०
शिक्षणाच्या जोडगुणांची (शिक्षणासोबत भाषा किंवा कॅनेडियन अनुभव असल्याच्या जादा गुणांची) कमाल: ५०
परदेशी अनुभवाचे (पुण्याचे सव्वा वर्ष) जोडगुण: १३ + १३ = २६
कॅनडातलं शिक्षण: १५
बेरीज ४४३.

आता दोन गोष्टी बदला. आयईएलटीएसमध्ये सीएलबी ९ आणा, म्हणजे ऐकणं ८, बाकी तिन्ही ७. भाषा ७४ वरून १२४. कॅनेडियन अनुभव दोन वर्षं झाला की ४० वरून ५३. आणि खरी कमाई पुढे आहे: पुण्याच्या अनुभवाचे जोडगुण २६ वरून थेट ५० होतात, कारण सीएलबी ९ मुळे एक १३ चे २५ होतात आणि दुसऱ्या कॅनेडियन वर्षामुळे दुसरे १३ चे २५. बेरीज ५३०.

२०२५ मध्ये कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासच्या ड्रॉचे कटऑफ ५१५ ते ५४७ या पट्ट्यात फिरले. ५३० म्हणजे हमी नाही, पण नॉमिनेशनशिवाय दार उघडू शकेल अशी जागा आहे. ४४३ वर ती आशा नाही.

पुण्याची नोकरी विसरलात तर हेच ५३० चे ४८० होतात. 'कॅनडात काम केलंय, भारतातलं कशाला' असं म्हणून पोरं तो अनुभव भरतच नाहीत, किंवा भरतात आणि कागद नसतो. त्या सीए फर्मचं पत्र आत्ता मागवा: लेटरहेड, पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, कामाचं स्वरूप, सही करणाऱ्याचं नाव आणि फोन. सोबत फॉर्म १६, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफ कापला जात असेल तर त्याचं पासबुक. फर्म लहान असेल आणि पगार रोख दिला जात असेल तर अवघड आहे. तसं असेल तर इथे लिहा.

आणि १२८ गुण हवे असतील तर बी.कॉम.चं ईसीए (परदेशी पदवीची कॅनडासाठी पडताळणी) लागेल. कॅनडातल्या डिप्लोमाला ते लागत नाही, म्हणून पुष्कळ जण करतच नाहीत आणि शिक्षणाचे गुण घालवतात. ईसीए अहवालात तीन वर्षांच्या पदवीची नोंद आली की डिप्लोमासह 'दोन किंवा अधिक पदव्या, एक तीन वर्षांची' हा रकाना लागू होतो. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून जायला लागतात, दिवाळीच्या सुट्टीच्या आत अर्ज टाका. ईसीए पाच वर्षं चालतं, आयईएलटीएस दोन.

लग्नाचा मुद्दा राहिला. तो मात्र आकड्यांत मोठा आहे, म्हणून नीट वाचा. पत्नी 'सोबत येणारी' दाखवली की त्याचे स्वतःचे मूळ गुण कमी होतात: वय १००, शिक्षण ११९, भाषा ११६, अनुभव ४६. म्हणजे ३४ गुण गेले. ते पत्नीच्या गुणांनी भरून काढायचे: पदवीधर असेल तर ८, तिची भाषा सीएलबी ९ असेल तर २०. एकूण २८. निव्वळ तोटा ६. पण तिचं ईसीए आणि आयईएलटीएस नसेल तर पूर्ण ३४ चा तोटा, आणि ५३० चे ४९६. म्हणून तिची परीक्षा लग्नाच्या खरेदीआधी उरकून घ्या. मनापासून सांगते, साखरपुडा ते लग्न या काळात हे होऊ शकतं, लग्नानंतरच्या दोन महिन्यांत कुणाचं होत नाही.

---

कृष्णाकाठ

ओसरी, घाटमाथा, खूप आभार. हे भावाला आणि होणाऱ्या वहिनीला, दोघांनाही पाठवलंय. भावाशी बोलून तीन गोष्टी कळल्या:

अ) त्याच्या नावाने एक्सप्रेस एन्ट्री प्रोफाइल नव्हतंच. ईओआय लेबर इम्पॅक्टची होती.
आ) हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च, त्याचे तास आठवड्याला २२-२४ वर येतात. मालक काही आठवडे त्याला मोंक्टनच्या शाखेत पाठवतो, म्हणजे तास भरतात.
इ) मालकाच्या ओळखीचा एक माणूस सांगतोय की २०,००० डॉलर दिले तर 'नॉमिनेशन पक्कं'. त्यातले निम्मे आधी.

फर्ममध्ये पगार बँकेतूनच यायचा, फॉर्म १६ आहे.

---

तांबडी माती

(इ) ला एका ओळीत उत्तर: त्या माणसाचा फोन उचलू नका. नॉमिनेशन प्रांत देतो, त्याची सरकारी फी ३०० डॉलर आहे आणि ती ऑनलाइन थेट भरतात. पैसे घेऊन सल्ला द्यायचा हक्क फक्त परवानाधारक कन्सल्टंट, लॉ सोसायटीचे सदस्य असलेले वकील-पॅरालीगल आणि क्वेबेकचे नोटरी यांना आहे, आणि कन्सल्टंटचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक यादीत दोन मिनिटांत सापडतं. त्यांच्यातलाही कुणी 'पक्कं' म्हणू शकत नाही. नोकरी विकत घेतल्याचं उघड झालं तर ते मिसरिप्रेझेंटेशन (खोटी माहिती देणं) ठरतं आणि पाच वर्षं कॅनडात प्रवेश मिळत नाही, पीआरचा अर्जही करता येत नाही. पैसे गेले तर गेले, पण त्या पाच वर्षांचं काय? पगारातून 'परत दे' म्हणून रोख मागणं हाही तोच प्रकार, नाव वेगळं.

(आ) कडे मात्र नीट बघायला हवं. पीईआयचं अर्थकारण पर्यटन, बटाटा आणि लॉब्स्टर यांवर चालतं. कॅव्हेंडिश या पर्यटनाच्या गावाच्या बाजूची अर्धी दुकानं ऑक्टोबरनंतर पाट्या उलट्या करतात. शार्लटटाउन वर्षभर जागं असतं, पण हिवाळ्यात तिथलीही गिऱ्हाइकी बसते. इमिग्रेशनच्या भाषेत पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास. २३ तासांचे १२ आठवडे म्हणजे २७६ तास, हवे होते ३६०. ८४ तासांची तूट. हे तास उन्हाळ्यात ४५-५० तास राबून भरत नाहीत, कारण आठवड्याला ३० च्या वरचे तास मोजलेच जात नाहीत. मागच्या हिवाळ्यातही असंच झालं असेल तर ओसरींनी धरलेलं 'एक वर्ष' सुद्धा पे-स्टब घेऊन आठवडावार मोजायला लागेल.

करायचं असं: एक वही किंवा स्प्रेडशीट. डाव्या रकान्यात आठवडा, शेजारी पे-स्टबवरचे तास, तिसऱ्या रकान्यात ३० पेक्षा जास्त असतील तर ३०, कमी असतील तर जेवढे आहेत तेवढे. तिसऱ्या रकान्याची बेरीज १,५६० झाली की एक वर्ष, ३,१२० झाली की दोन वर्षं. कॅलेंडरवरचे महिने बाजूला ठेवा.

मोंक्टन न्यू ब्रन्सविकमध्ये आहे. १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन ब्रिज ओलांडला की प्रांत बदलतो. केंद्राच्या अनुभवासाठी ते तास कॅनडातलेच, ते धरता येतील. पण पीईआयच्या नॉमिनेशनसाठी नोकरीचं ठिकाण पीईआय असायला हवं आणि राहायचा इरादाही तिथलाच. बेटावर नोकरी मिळवून पीआर होताच ऑन्टारियोला जाणारे इतके झालेत की अधिकारी या मुद्द्यावर संशयानेच बघतात. मोंक्टनचे आठवडे पत्रात लपवू नका, तारखांसह वेगळे लिहा. भाडेकरार, वीजबिल, पीईआय हेल्थ कार्ड आणि लायसन्सवरचा पत्ता एकच असू द्या.

आणखी एक गोष्ट, जी मालकही लक्षात घेत नाहीत. त्या रेस्टॉरंटमध्ये एकूण माणसं किती आणि सुपरवायझर किती? सात माणसांत तीन सुपरवायझर असतील तर अधिकारी सरळ विचारतो की हे देखरेख कुणावर करतात. ६२०२० चं काम म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक लावणं, माल किती लागेल याचा अंदाज बांधून ऑर्डर देणं, विक्री-साठा-नासाडीच्या नोंदी ठेवणं, नवीन माणसाला शिकवणं. पत्रात एनओसीच्या वेबसाइटवरची वाक्यं जशीच्या तशी उतरवली की ती लगेच ओळखू येतात. त्याऐवजी 'दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचं नऊ जणांचं वेळापत्रक लावतो, मंगळवार-शुक्रवारी भाजी आणि मांसाची ऑर्डर देतो, रोज रात्री गल्ला मोजून मशीनच्या अहवालाशी ताळा घालतो' असं लिहून घ्या, अर्थात तो खरंच करत असेल तर. वेळापत्रकांचे फोटो आणि ऑर्डरचे ईमेल आत्तापासून साठवा. नोकरी सुटल्यावर ते मिळत नाहीत.

---

ओसरी

तांबडी मातींचा ८४ तासांचा मुद्दा माझ्या हिशेबाला थेट लागतो, म्हणून दुरुस्त करते.

१४ महिने झालेत, २४ साठी १० हवेत, परमिट ११ महिन्यांचं. म्हणजे हातात चार आठवड्यांची सवलत. हिवाळ्यातले ८४ तास म्हणजे जवळपास तीन आठवडे तिथेच संपले. वर लग्नाची रजा. वर्षाला दोन आठवड्यांच्या आसपासची पगारी सुट्टी अनुभवात धरली जाते, पण लग्न, देवदर्शन, सत्यनारायण आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांकडची जेवणं मिळून पाच आठवडे गेले, तर वरचे तीन बिनपगारी आणि बिनअनुभवाचे. तेव्हा दोन वर्षांचा टप्पा परमिटच्या आत गाठायचा तर रजा दोन आठवडे, आणि जानेवारी ते मार्च मालकाकडून लेखी ३० तास. मोंक्टनला जाऊन ३० भरत असतील तर केंद्राच्या हिशेबासाठी ते चालतात, पीईआयच्या नॉमिनेशनसाठी त्यांचा उपयोग नाही. म्हणजे इथे दोन वाटा एकमेकींच्या आड येतात, आणि भावाला ठरवावं लागेल. मी असते तर हिवाळ्याचे ३० तास शार्लटटाउनमध्येच मागितले असते, गरज पडली तर त्याच मालकाच्या तिथल्या दुसऱ्या शाखेत, तेच पद ठेवून.

---

घाटमाथा

तिसरा प्रश्न राहिला होता: परमिट संपताना हातात काय असेल.

नॉमिनेशन मिळालं असेल तर प्रांत वर्क परमिटसाठी सपोर्ट लेटर देतो. मग एलएमआयए (परदेशी माणूस ठेवायला मालकाने घ्यायची केंद्राची मंजुरी) लागत नाही. मालकाने केंद्राच्या एम्प्लॉयर पोर्टलवर जाऊन ऑफर टाकायची, २३० डॉलर भरायचे, त्यातून 'ए' ने सुरू होणारा ऑफर क्रमांक मिळतो, सवलतीचा कोड टी१३. तो क्रमांक आणि सपोर्ट लेटर लावून भावाने परमिटचा अर्ज करायचा, फी १५५ डॉलर. मालकाला हे माहीत नसतं आणि 'एलएमआयए महाग पडतं' म्हणून तो आधीच नाही म्हणतो. त्याला सांगा की खर्च २३० डॉलर आणि साधारण तासाभराचं ऑनलाइन काम.

ब्रिजिंग ओपन परमिट (पीआरचा निर्णय येईपर्यंतचं, कुठल्याही मालकाकडे चालणारं) हा दुसरा पर्याय, पण तो केंद्राकडे पीआरचा अर्ज दाखल होऊन पोच मिळाल्यावरच. आणि नॉमिनेशन एका मालकाशी बांधलेलं असेल तर तो मिळत नाही. नॉमिनेशन सर्टिफिकेट हातात आलं की त्यात रोजगाराची अट आहे का हे आधी वाचा.

नॉमिनेशन आलं की एक्सप्रेस एन्ट्री प्रोफाइलमध्ये ते ३० दिवसांत स्वीकारावं लागतं, त्यानंतर बोलावणं आलं की ६० दिवसांत पूर्ण अर्ज. या ६० दिवसांत कागद गोळा करायला सुरुवात केली तर उशीर झालाच म्हणून समजा. ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एन्ट्रीत वैद्यकीय तपासणी अर्जाआधीच करून घ्यायला लागते, तिला पॅनल डॉक्टरची (केंद्राच्या यादीतल्या डॉक्टरची) वेळ घ्यावी लागते. फी ३० एप्रिल २०२४ च्या दराने अर्जदाराला ९५० (प्रक्रिया) + ५७५ (पीआर हक्क) होती, पत्नीला तेवढीच, बायोमेट्रिक्स एकाला ८५ किंवा कुटुंबाला १७०. पीआरची फी दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर वाढते, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा बघून भरा. कमी रक्कम भरली की अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो.

काहीच मिळालं नसेल आणि नुसता मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर मुदत संपण्याआधी केलेल्या अर्जामुळे निर्णयापर्यंत जुन्याच अटींवर काम करता येतं. पण त्या काळात कॅनडाबाहेर गेला तर परत येताना हा काम करायचा हक्क राहत नाही, निर्णय येईपर्यंत घरी बसावं लागतं. त्यामुळे लग्न जानेवारीत, परमिट चालू असताना आहे, हे बरंच आहे.

---

तांबडी माती

लग्नाला जाण्याबद्दल दोन गोष्टी जोडते.

परमिट चालू आहे म्हणजे परत येता येईल असं नाही. भारतीय पासपोर्टवर कॅनडात शिरायला व्हिसाचा शिक्का लागतो, आणि विद्यार्थी म्हणून आलेला शिक्का बहुतेकांचा एव्हाना संपलेला असतो. पासपोर्ट उघडून तारीख बघायला सांगा. संपला असेल तर कॅनडात असतानाच नव्या शिक्क्याचा अर्ज करायचा, डिसेंबरात धावाधाव नको.

दुसरं, नावं. महाराष्ट्रातल्या अर्जांमध्ये सगळ्यात जास्त पत्रव्यवहार यावरून होतो. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, 'सरनेम' वेगळं. आयईएलटीएस, ईसीए आणि एक्सप्रेस एन्ट्री, तिन्हीकडे पासपोर्टप्रमाणेच भरा. ईसीएच्या खात्यात वडिलांचं नाव गाळलं आणि ट्रान्स्क्रिप्टवर ते आलं तर फाइल तिथेच अडकते.

वधूचं त्याहून नाजूक. लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने करायचा की माहेरच्याच नावाने ठेवायचा, हे आयईएलटीएस द्यायच्या आधी ठरवा. माहेरच्या नावाने परीक्षा, सासरच्या नावाने पासपोर्ट, माहेरच्या नावाची पदवी, असं झालं की प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि स्पष्टीकरणाचं पत्र, सगळं जोडत बसावं लागतं. पीआर होईपर्यंत माहेरचं नाव ठेवणं सोपं पडतं, कायदा त्याला काही अडवत नाही.

लग्नाची नोंदणी त्याच आठवड्यात करा. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळणारं नमुना 'ई' प्रमाणपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ मराठी प्रत, तिन्ही एकत्र जोडायचं. जन्मदाखल्याचंही तसंच. जुन्या जन्मदाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं. ते बघून घ्या, पालिकेत नाव चढवून नवा दाखला मिळतो.

आणि लग्न झालं की त्याच दिवशी नाही, पण त्या आठवड्यात प्रोफाइलमध्ये वैवाहिक स्थिती बदला. पत्नी खरोखरच नंतर येणार असेल तर 'सोबत न येणारी' दाखवता येते, मग गुण अविवाहितासारखे मोजतात. पण तेव्हाही तिचं नाव अर्जात हवं आणि तिची वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी. पीआर होताना जी पत्नी जाहीर केली नाही किंवा तपासली गेली नाही, तिला नंतर स्पॉन्सर करता येत नाही.

---

कृष्णाकाठ

पासपोर्ट उघडून बघितला त्याने. शिक्का जूनमध्येच संपलाय. आज रात्री एक्सप्रेस एन्ट्री प्रोफाइल आणि व्हिसाचा अर्ज, दोन्हीला बसतोय. पे-स्टबची वही मी करते इथून, त्याने सगळ्या स्लिप पाठवल्यात. पहिल्या हिवाळ्यातले सात आठवडे ३० च्या खाली निघाले, सगळ्यात कमी १९.५ तास. मोंक्टनचे वेगळ्या रंगाने लिहितेय. वहिनीच्या आयईएलटीएसची तारीख नोव्हेंबरची मिळाली, पासपोर्ट माहेरच्या नावानेच ठेवायचं ठरलं.

एक राहिलं: मालक हिवाळ्यात ३० तास लेखी द्यायला तयार आहे, पण म्हणतो पद 'शिफ्ट लीड' लिहीन, सुपरवायझर नाही. त्याने फरक पडेल का?

---

घाटमाथा

पदाच्या नावाने एनओसी ठरत नाही, कामावरून ठरतो. 'शिफ्ट लीड' चालेल, पण १४ महिन्यांच्या पे-स्टबवर 'सुपरवायझर' असेल आणि हिवाळ्यापासून वेगळं नाव आलं तर ती पदावनती वाटते. एकतर जुनंच नाव ठेवायला सांगा, किंवा पत्रात एक ओळ घालून घ्या की नाव बदललं असून जबाबदाऱ्या आणि पगार तोच आहे. ताशी दर एक पैशाने जरी कमी झाला तरी मग ती ओळ टिकणार नाही, तेवढं मालकाशी आधी बोलून घ्या.